भूल आणि शुद्ध

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला जे दिले जाते त्याला मराठीत 'भूल' म्हणतात. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचा प्रयोग सर्वांसमक्ष यशस्वी झाल्यावर ऑलिव्हर वेंडेल होम्स याने या अवस्थेसाठी ग्रीक मुळापासून एक नाव सुचवले आणि ते जगभर रूढ झाले. त्याचा अर्थ एवढाच की संवेदना नाही. आपल्या भाषेने निवडलेला शब्द अधिक बोलका आणि अधिक धोक्याचा आहे. रानात चकवा लागून माणूस वाट चुकतो ती भूल. मोहाने मन हरपते ती भूल. हिशेबात एखादी रक्कम राहून जाते तीही भूलच. ज्यातून परत यायचे आहे त्या अवस्थेला आपण विस्मरणाचे आणि चुकीचे नाव दिले. परत येण्याला मात्र 'शुद्धीवर येणे' म्हटले. शुद्ध म्हणजे जाण आणि शुद्ध म्हणजे निर्मळ. भूल उतरली की माणूस जसा होता तसा, काही न मिसळलेला, आपल्या हाती परत येतो असा विश्वास या शब्दप्रयोगात गृहीत धरलेला आहे. तो कितपत खरा, हा या लेखाचा विषय आहे.

रायपूरच्या गोल बाजारातील जुन्या दुकानांतून मिळणाऱ्या पावत्यांच्या तळाशी 'भूल-चूक लेनी-देनी' अशी ओळ छापलेली असते. मराठी व्यापारी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहितो, त्याचाच हा हिंदी अवतार. लहानपणापासून आईबरोबर मी त्या बाजारात जात आलो. पूजेचे साहित्य, हळदकुंकू, पितळेची भांडी, बांगड्या, मसाले, जडीबुटी, लग्नाची आणि अंत्यविधीचीही सामग्री. बारशापासून बाराव्यापर्यंत जे लागेल ते तिथे सापडते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे रेल्वे, कचेऱ्या, शाळा यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे छत्तीसगडात येऊन स्थिरावली त्यांपैकी आमचे एक. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत आईचा दिवस जाई. गोल बाजारात तिला 'दाई' म्हणत. ती कधी यादी नेत नसे. सतरा-अठरा जिनसांचे भाव, मागच्या खेपेचे भाव आणि दोहोंतील फरक तिच्या डोक्यात असे, आणि दुकानदाराने बेरीज पुरी करण्याआधी ती आकडा सांगून मोकळी होई. ही हुशारी आहे असे तिला वाटत नसे. बाजाराला जाणे म्हणजेच हे, असे ती समजे.

तिच्या पित्ताशयात खडे झाले तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. दुखणे अधूनमधून येई आणि जाई. डॉक्टरांनी सांगितले की आज उद्याची घाई नाही, पण कधीतरी काढून टाकणे शहाणपणाचे. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. तातडीच्या शस्त्रक्रियेत माणसाला निवड नसते. मरण आणि सुरी यांत तो सुरी घेतो. योजलेली शस्त्रक्रिया वेगळी. तिच्यात चालताबोलता, जेवणारा, हिशेब करणारा माणूस स्वतःच्या पायांनी चालत जातो आणि स्वतःला दुसऱ्याच्या हाती बेशुद्ध ठेवतो. म्हणून तिच्या परिणामांचा नैतिक भार अधिक असतो, कारण जे बिघडेल ते ठीक असलेले बिघडेल. आम्ही पितृपंधरवडा टाळला, नवरात्र टाळले, माझी आणि बहिणीची रजा जुळवली आणि दिवाळीआधीची एक तारीख ठरवली. ती तारीख आमच्या सोयीची होती. आईला आम्ही विचारले नाही असे नव्हे. पण ज्या स्वरात विचारले त्यात उत्तर आधीच होते. 'लहानसे ऑपरेशन आहे' असे आम्ही सगळेच तिला सांगत राहिलो. शस्त्रक्रिया लहान होती हे खरे. भूल मात्र लहान नसते. पोटाला तीन छिद्रे पाडायची असोत की छाती उघडायची असो, माणूस जातो तो पूर्णच जातो.

संमतिपत्रावर मी सही केली. ते इंग्रजीत होते. त्यातील एका ओळीत वयस्क रुग्णांत काही काळ गोंधळ आणि विस्मरण संभवते असे लिहिलेले होते. मी ती वाचली आणि आईला वाचून दाखवली नाही. ती घाबरेल असे वाटले. तिच्या वतीने घाबरण्याचा किंवा न घाबरण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, हा प्रश्न त्या वेळी सुचला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिला बाहेरच्या खोलीत आणल्यावर भूलतज्ज्ञाने तिचे नाव घेऊन हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा हाक मारली. मग त्याने तिचा खांदा हलकेच दाबला, तेव्हा तिने डोळे उघडले आणि विचारले, "अजून सुरू नाही का केलं?" भूलतज्ज्ञ हसला. हा प्रश्न तो रोज ऐकत असणार.

मला मात्र बृहदारण्यक उपनिषदातील अजातशत्रू आठवला. स्वतःला ब्रह्मज्ञ समजणाऱ्या गार्ग्याला काशीचा हा राजा हाताला धरून एका झोपलेल्या माणसाजवळ नेतो. त्या माणसाला नावांनी हाका मारतो. तो उठत नाही. हाताने हलवतो, तेव्हा उठतो. मग राजा विचारतो की हा जाणणारा पुरुष झोपला असता कुठे होता आणि आता कुठून परत आला? गार्ग्याला उत्तर येत नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी विचारलेला हा प्रश्न आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहाबाहेर दिवसातून अनेकदा कृतीने विचारला जातो, त्याच क्रमाने: आधी नाव, मग स्पर्श. आणि त्याच उपनिषदात, जनक-याज्ञवल्क्य संवादात, लोकांची एक समजूत नोंदवली आहे की निजलेल्याला एकाएकी उठवू नये. ज्याच्याकडे तो पुरुष नीट परतला नाही त्याच्यावर उपचार करणे कठीण. ज्यांनी हे सांगितले त्यांना भूल ठाऊक नव्हती. पण परतणे अपुरे राहू शकते, ही शंका त्यांना होती.

सुषुप्तीविषयी आपल्याकडे जो वाद झाला तो इथे उपयोगी पडतो. गाढ झोपेतून उठलेला माणूस सांगतो की मला सुखाची झोप लागली, मला काहीच कळले नाही. वेदान्ती म्हणतो, हे स्मरण आहे. अनुभवावाचून स्मरण संभवत नाही. तेव्हा झोपेतही कोणीतरी साक्षी होता. नैयायिक हे मानत नाही. त्याच्या मते ते स्मरण नसून अनुमान आहे. उठल्यावर अंग हलके वाटते, त्यावरून माणूस झोप चांगली लागल्याचे ठरवतो. आत्मा होता, पण ज्ञान नव्हते. भुलेतून उठलेला माणूस मात्र सुखाने झोपलो असे सहसा म्हणत नाही. तो आईसारखा विचारतो की अजून सुरू झाले नाही का. त्याच्या दृष्टीने मधला दीड तास वाईट गेला नाही, चांगला गेला नाही, तो गेलाच नाही. इथे नैयायिकाचे पारडे जड दिसते. पण वेदान्तीही अगदीच निरुत्तर होत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल दिलेली असताना जाणीव राहिल्याची तक्रार साधारण एकोणीस हजारांत एकाने केली होती. त्याआधीच्या काही अभ्यासांत रुग्णांना पुन्हा पुन्हा, मुद्दाम विचारले तेव्हा हेच प्रमाण हजारात एक-दोन इतके भरले होते. साक्षी होता की नव्हता, हे किती वेळा आणि कोणी विचारले यावर काही अंशी ठरते, ही गोष्ट दोन्ही पक्षांना विचार करायला लावणारी आहे.

भोजप्रबंधात एक कथा आहे. राजा भोजाच्या मस्तकात असह्य वेदना होत. दोन वैद्यबंधू आले, त्यांनी मोहचूर्णाने राजाला बेशुद्ध केले, कवटी उघडून आतले लहान मासे बाहेर काढले, कवटी सांधली आणि संजीवनी देऊन त्याला जागे केले. कथा म्हणून ती वाचावी. पण कथाकाराने एक अट पाळली आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. नेणाऱ्या औषधाबरोबर आणणारे औषधही त्याने वैद्यांच्या पोतडीत ठेवले. आजच्या भूलशास्त्रापाशी नेणारी औषधे पुष्कळ आहेत. स्नायूंची शिथिलता उतरवणारी औषधे आहेत, अफूच्या वर्गातील द्रव्यांवर उतारा आहे. पण जिच्यामुळे जाणीव लोपली त्या वायूवर संजीवनी नाही. वायू थांबवतात, तो श्वासावाटे निघून जातो आणि माणूस आपला आपण वर येतो. भूलतज्ज्ञ काठावर उभा राहून वाट पाहतो, नाडी मोजतो, हाक मारतो.

तो वर आला हे कसे ठरवायचे? १९७० मध्ये आल्ड्रेटे याने एक सोपी मोजणी सुचवली. हातपाय हलवणे, श्वास, रक्तदाब, जाणीव आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. जन्मलेल्या बाळाला गुण देण्याची जी पद्धत व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ स्त्रीने १९५० च्या दशकात रूढ केली होती तिच्या नमुन्यावर ही बेतलेली आहे, आणि हे साम्य मला अर्थपूर्ण वाटते: दोन्हीकडे कोणीतरी नुकतेच आले आहे आणि ते नीट आले का एवढेच पाहायचे आहे. आईला त्या मोजणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले असणार. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडले तेव्हा कागदावर प्रकृती समाधानकारक असे लिहिले होते आणि त्यात कोणी खोटे बोलत नव्हते.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने मला दोनदा माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. रात्री उठून ती दाराची कडी तपासत बसे. दुपारी एकच गोष्ट तीनदा विचारी आणि आम्ही तीनदा उत्तर दिले की ओशाळून गप्प होई. या गप्प होण्याने मी अधिक घाबरलो, कारण विसरणाऱ्याला आपण विसरतो आहोत हे कळत होते. विचारले की म्हणे, "बरं आहे." बरे हा शब्द मराठीने फार काटकसरीने घडवला आहे. चांगले आणि बरे यांत अंतर आहे हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. बरे म्हणजे चालण्याजोगे. पण आजारातून उठलेल्यासाठी आपल्याकडे दुसरा सोपा शब्द नाही. रोगी 'चांगला' होत नाही, तो 'बरा' होतो. भाषेनेच त्याच्या अपेक्षेला एक मर्यादा घातलेली आहे, आणि त्या मर्यादेआड त्याला काय काय लपवता येते हे मी त्या दिवसांत पाहिले.

हा काही आमच्याच घरातला प्रकार नव्हे. १९९८ मध्ये 'लान्सेट' या नियतकालिकात आठ देशांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील १,२१८ रुग्णांची मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर स्मरण व लक्ष यांची परीक्षा घेण्यात आली होती. आठवड्यानंतर २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनंतर ९.९ टक्के रुग्णांत घसरण आढळली. शस्त्रक्रिया न झालेल्या समवयस्कांत हीच प्रमाणे ३.४ आणि २.८ टक्के होती. आईची शस्त्रक्रिया त्या अर्थाने मोठी नव्हती, म्हणून हे आकडे तिला तंतोतंत लागू करणे योग्य होणार नाही. कारण काय, याविषयीही एकमत नाही. प्राणवायू कमी पडणे आणि रक्तदाब उतरणे यांवर संशय होता, तो त्या अभ्यासात टिकला नाही. पूर्ण भूल न देता शरीराचा भागच बधिर केला तरी तीन महिन्यांनंतर फारसा फरक पडत नाही असे पुढे दिसून आले. मग दोष द्रव्याचा, सुरीने शरीरात उठलेल्या दाहाचा, रुग्णालयातील जागरणाचा, की जे आधीच सुरू झाले होते ते या निमित्ताने उघडे पडले त्याचा? मला वाटते प्रामाणिक उत्तर एवढेच की आईच्या बाबतीत हे कोणी सांगू शकत नाही. शल्यविशारदाला दोष देण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला असे नाही, त्याला आधारच सापडला नाही.

रुग्णाच्या बाजूने मोजणी करण्याचा एक गंभीर प्रयत्न अलीकडच्या काळात झाला आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल मायल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये चाळीस आणि २०१३ मध्ये पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा, एकूण १५०. श्वास सहज घेता येतो का, अन्न गोड लागते का, झोप झाली का, शौच-स्नान आपले आपण होते का, घरच्यांशी बोलता येते का, नेहमीच्या कामाला लागता येईल का, सारे आपल्या हाती आहे असे वाटते का. आणि मग वेदना, मळमळ, चिंता, खिन्नता. या प्रश्नांत सुखाच्या बाजूचे दहा आहेत आणि दुःखाच्या बाजूचे पाच. ही वाटणी करताना त्या डॉक्टरांच्या मनात तत्त्वज्ञान असेल असे नाही. पण गीतारहस्याच्या सुखदुःखविवेक या प्रकरणात लोकमान्यांनी जो प्रश्न घेतला आहे, की सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव काय, त्याचे उत्तर या प्रश्नावलीने आपल्या परीने दिले आहे. दुःख नसणे वेगळे आणि सुख असणे वेगळे, ही टिळकांचीही भूमिका होती. ज्या माधवराव सप्र्यांनी गीतारहस्य हिंदीत नेले त्यांचे कार्यक्षेत्र हेच रायपूर. त्यांच्या नावाची शाळा इथे आहे. आमच्या घरी दोन्ही प्रती शेजारी शेजारी असत. वडील मराठी वाचीत आणि शेजाऱ्यांना हिंदी देत.

तरीही या प्रश्नावलीविषयी मला एक अडचण वाटते आणि ती मला एका बाईने शिकवली. आईच्या शेजारच्या खाटेवर महासमुंदकडच्या एका खेड्यातील साठीची बाई होती. तिचेही पोटाचेच ऑपरेशन झाले होते. सकाळी डॉक्टर आले, त्यांच्यामागे पाच-सहा जण. कसे वाटते, असे त्यांनी हिंदीत विचारले. "बने लागत हे, साहेब," ती म्हणाली. रात्रभर ती ओकत होती आणि पदराने तोंड दाबून रडत होती हे आम्ही पाहिले होते. ती खोटे बोलली का? मला तसे म्हणवत नाही. साहेबाने विचारले की बरे आहे म्हणायचे, हे तिच्या लेखी उत्तर नव्हते. तो नमस्कार होता. दुपारी आईने तिला तोच प्रश्न छत्तीसगढीत विचारला. तेव्हा ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बारा आना." रुपयातले चार आणे अजून परत आले नव्हते. आणे जाऊन आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, पण शून्य ते दहाच्या पट्टीने जे मोजता आले नसते ते तिने या पट्टीने चोख मोजले. कोणाला सांगायचे, हे मात्र तिने ठरवले होते.

माणसाने दिलेले उत्तर हे विचारणाऱ्याच्या आणि त्याच्या नात्यातून निघते. ज्याला खालून वर बोलायचे आहे त्याचे 'बरे आहे' मोजणीत धरून आपण १५० पैकी अमुक असा आकडा काढला, तर तो बरे होण्याचा आकडा असेल की दबण्याचा? आणि ज्यांना कोणी विचारतच नाही त्यांचे काय? आमच्याच राज्यात, बिलासपूरजवळच्या सकरी येथे, नोव्हेंबर २०१४ मध्ये एका दिवसात ऐंशीहून अधिक स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या, आणि पुढील काही दिवसांत त्या भागातील शिबिरांत गेलेल्या डझनभराहून अधिक स्त्रिया मरण पावल्या. त्याही योजलेल्याच शस्त्रक्रिया होत्या. धडधाकट, तरुण, घरी लहान मुले असलेल्या स्त्रिया चालत गेल्या होत्या. त्यांनाही कोणीतरी 'लहानसे आहे' असेच सांगितले असेल. इतक्या घाईत एकेकीचे नाव घेऊन हाक मारायला वेळ कुठून असणार?

याच्या दुसऱ्या टोकाला एक पुण्याचे उदाहरण आहे. येरवड्याच्या कारागृहातून ससून रुग्णालयात हलवलेल्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ही तातडीची होती, योजलेली नव्हे. पण संमतीचा अर्थ समजायला यासारखे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मुंबईच्या ज्या डॉक्टरांवर त्यांचा भरवसा होता ते वेळेत पोचू शकत नव्हते. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावण्यात आले आणि एक निवेदन तयार झाले, की आपली काळजी नीट घेतली गेली आहे, मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास आहे आणि त्यांनी विलंब न लावता शस्त्रक्रिया करावी. सही करताना हात कापत होता. ज्याने १९०९ साली 'हिंद स्वराज्या'त आधुनिक वैद्यकावर कठोर टीका केली होती, तो एका परक्या सरकारच्या डॉक्टरच्या हाती स्वतःला बेशुद्ध सोपवत होता. आणि ते डॉक्टरही जाणत होते की हा माणूस जागा झाला नाही तर देशात काय होईल. शस्त्रक्रिया चालू असताना वादळात वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. जखमेत पू झाल्याने बरे होणे लांबले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुक्त केले आणि पुढे काही काळ त्यांनी जुहूला विश्रांती घेतली. या प्रसंगात ज्याच्या शरीरावर सुरी चालणार होती त्याला सगळे ठाऊक होते, सही त्याची स्वतःची होती आणि परत येताना त्याची वाट पाहणारे असंख्य होते. माझ्या आईच्या बाबतीत शेवटची गोष्ट खरी होती. पहिल्या दोन खऱ्या करणे माझ्या हाती होते.

संमती जो देतो तो एक, आणि परिणाम जो भोगतो तो दुसरा, असे म्हटले तर ते शब्दांचा खेळ वाटेल. मला ते आता तसे वाटत नाही. सही करणाऱ्या क्षणी आपण एका भावी माणसाच्या वतीने करार करतो, आणि तो माणूस काही वेगळा निघाला तर तक्रार करायला जुना माणूस शिल्लक नसतो. ज्याला आपले काय हरवले हे आठवत नाही तो हरवल्याची नोंद कशी करणार? म्हणून बरे होण्याची मोजणी केवळ डॉक्टरच्या नजरेवर सोडता येत नाही आणि केवळ रुग्णाच्या शब्दावरही नाही. तिला एक तिसरा साक्षी लागतो. ज्याने तो माणूस आधी पाहिला आहे, ज्याच्याजवळ त्याचे पूर्वीचे भाव टिपलेले आहेत. घरचे लोक असा साक्षी होऊ शकतात. पण त्यांची साक्षही निर्दोष नाही. मला आई लवकर बरी व्हायला हवी होती, कारण माझी रजा संपत आली होती. म्हणून पहिल्या पंधरवड्यात बहिणीला जे दिसत होते ते मला दिसत नव्हते.

अडीच महिन्यांनी, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, आई गोल बाजारात गेली. मी बरोबर होतो. तीळ, गूळ, हळदीकुंकवाचे वाण. दुकानदाराने विचारपूस केली. "कइसे हस, दाई?" ती म्हणाली, "बने हंव." मग त्याने बेरीज करायला घेतली आणि ती गप्प राहिली. मी तिच्याकडे पाहत होतो. त्याने आकडा सांगितला, तिने पैसे दिले, आम्ही चार दुकाने पुढे गेलो. तिथे ती थांबली, पावती मागितली, पाहिली आणि म्हणाली, गुळात चाळीस रुपये जास्त लावलेत. आम्ही परत गेलो. दुकानदाराने कान पकडला, पैसे परत केले आणि पावतीवरच्या त्या छापील ओळीकडे बोट दाखवले.

चूक तिने पकडली. पण चार दुकाने पुढे गेल्यावर. पूर्वी ती दुकानातच पकडली असती. ही चार दुकाने कुठल्या मोजणीत येतात मला ठाऊक नाही. तेव्हापासून ती एक लहान वही बाळगते. त्यात भाव लिहिते. वहीची तिला लाज वाटत नाही. माझ्याच मनात ती अधूनमधून सलते.

त्याला तीन वर्षे झाली. आता त्याच छिद्राच्या जागी हर्निया झाला आहे. पुन्हा घाई नाही, पुन्हा कधीतरी करून टाकणे शहाणपणाचे. या वेळी संमतिपत्र मी घरी आणले आणि ओळ न ओळ मराठीत करून तिला वाचून दाखवले, गोंधळाची आणि विस्मरणाची ओळही. मागच्या वेळी ही ओळ होती आणि मी ती वाचली नव्हती, हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर आपल्याला वेड लागतंय असं तरी वाटलं नसतं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

भूलतज्ज्ञाला भेटायला ती स्वतः आली. तिने त्याला एकच विचारले, की हाक मारताना कुठल्या भाषेत मारता? त्याने हिंदीत असे सांगितले. मराठीत मारा, ती म्हणाली, आणि नाव कोणते घ्यायचे तेही सांगितले, लग्नाआधीचे. त्याने ते कागदावर लिहून घेतले. तारीख तिने ठरवली, होळीनंतरची, कारण त्याआधी वर्षाची हळद आणि तिखट भरायचे आहे. काल ती गोल बाजारात जाऊन आली. संध्याकाळी वही माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "ही तुझ्याजवळ ठेव. परत आले की यातलं विचार मला. आणि मी बरं आहे म्हटलं तर ऐकू नकोस."